१७९७ चा अर्ज

एक प्रश्न नेहमी पडतो, की अमेरिकेतले सुटलेले गुलाम मागे राहिलेल्या घरच्यांसाठी पैसे जमवण्यापलीकडे काही करू शकत होते का. अर्ज करत होते. अमेरिकन काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, जानेवारी १७९७ मध्ये आलेला चौघांचा अर्ज जरूर वाचा.

चौघेही नॉर्थ कॅरोलायना राज्याचे. मालकांनी त्यांना रीतसर मुक्त केलं होतं, पण तिथल्या कायद्यानुसार गुलामाने केलेली 'विशेष सेवा' कोर्टाने मान्य केल्याशिवाय मुक्ती ग्राह्यच नव्हती. त्यामुळे मुक्त माणसाला पकडून पुन्हा विकता यायचं, वर पकडणाऱ्याची कमाई! चौघेही पळून फिलाडेल्फियात आले.

चौघांपैकी जुपिटर निकल्सनचे आईवडील असेच मुक्त झालेले. त्यांना धरून पुन्हा विकलं. जेकब निकल्सन रानात, शेतातल्या गंजींत लपून झोपायचा. शेवटी एका रात्री निसटला, पण आई, एक मूल आणि दोन भाऊ मागेच राहिले. त्यांना भेटायला परत जायची हिंमत नाही, असं त्याने अर्जात सरळ लिहिलंय.

मागणी तरी काय, तर आमच्यावरच्या अन्यायाकडे लक्ष द्या. काँग्रेसचे सदस्य आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसनसाहेब म्हणाले, हा नॉर्थ कॅरोलायनाच्या कोर्टांचा विषय. म्हणजे ज्यांनी विकलं त्यांच्याकडेच दाद मागायची! ५० विरुद्ध ३३ मतांनी अर्ज स्वीकारायलाच नकार मिळाला. मला तरी त्या ३३ मतांचंच जास्त आश्चर्य वाटतं.