शिकण्याआधीचे जपानी पुन्हा ऐकता येते का?

मुळाकाठची:

साडेतीन वर्षांपूर्वी पुण्यात जपानीच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी एक संभाषण ऐकवले होते. ते मला पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखे वाटले होते. टपटप, एका लयीत, कुठे जोर नाही की उसंत नाही, आणि मधूनमधून कानाला लागणारे ‘देस’ आणि ‘मास’. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, याचा काहीच पत्ता लागत नव्हता.

आता जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी उत्तीर्ण झाले आहे आणि कामाच्या ठिकाणी जपानी पाहुण्यांच्या बैठकांना बसते. मागच्या आठवड्यात चहाच्या वेळी दोन पाहुणे आपसांत बोलत होते, तेव्हा अर्थाकडे लक्ष न देता नुसता आवाज ऐकायचा असे मी ठरवून पाहिले, पण मला ते जमले नाही. ‘किनोऽ’ कानावर पडले की ‘काल’ आणि ‘अमे’ पडले की ‘पाऊस’ हे मनात आधीच उमटलेले असते. तेव्हाचा तो वेग, ती सलग टपटप खरोखरच भाषेत होती की माझ्या अज्ञानात? आणि ती पुन्हा ऐकण्याचा काही मार्ग आहे का? मला तिची मनापासून आठवण येते.

फळा-खडू:

वीस वर्षे जपानी शिकवतो आहे, त्यामुळे हा अनुभव दर वर्षी नव्याने ऐकतो. वेग निव्वळ भास नव्हता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात भाषांतील मजकूर मोठ्याने वाचून घेतले होते. त्यात जपानीत सेकंदाला सरासरी ७.८ अक्षरे उच्चारली गेली, तर इंग्रजीत ६.२. मात्र जपानीच्या एका अक्षरात माहिती कमी मावते, म्हणून ती तोलण्यासाठी अक्षरे जास्त लागतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

शब्दांमधल्या फटी मात्र जपानीत तेव्हाही नव्हत्या आणि आजही नाहीत. आपण ‘मला घरी जायचे आहे’ हे बोलतो तेव्हा तरी कुठे थांबतो? कोणते अक्षर कोणत्या अक्षरामागून वारंवार येते, याचा हिशेब कान आपोआप ठेवत जातो आणि त्यावरून शब्द वेगळे काढतो. आठ महिन्यांची बाळे अर्थहीन अक्षरांची सलग माळ अवघी दोन मिनिटे ऐकून त्यातले ‘शब्द’ ओळखू लागतात, हे १९९६ साली अमेरिकेत प्रयोगाने दाखवले गेले. तुमच्या कानांनी हेच काम साडेतीन वर्षे केले आहे.

नागोयात चार वर्षे:

मी थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण भाषा येऊ लागल्यावरही कानाला काही गोष्टी बराच काळ ऐकूच येत नाहीत. नागोयात आमच्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई राहत. त्यांना मी कित्येक महिने ‘ओबाऽसान’, म्हणजे ‘आजी’, अशी हाक मारत होतो. मला म्हणायचे होते ‘ओबासान’, म्हणजे ‘काकू’. त्यांनी कधी काही दर्शवले नाही. एका सहकाऱ्याने हळूच सांगितले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले.

यात मराठी कानाची अडचण आहे. आपल्याकडे अ आणि आ हे नुसते ऱ्हस्व-दीर्घ नसून त्यांचा आवाजच वेगळा आहे, त्यामुळे जपानीतला आखूड ‘बा’ आणि लांब ‘बाऽ’ हे दोन्ही आपल्या कानात ‘आ’च्याच खणात जाऊन पडतात. त्या सहकाऱ्याने मला टेबलावर बोटाने ठेके मोजायला लावले: ओ-बा-सा-न, चार; ओ-बा-आ-सा-न, पाच. दोन महिने मी रेल्वेच्या स्थानकांची नावेसुद्धा मांडीवर बोट आपटत म्हणत असे. मग एके दिवशी फरक आपोआप ऐकू आला, आणि तेव्हापासून तो ऐकू येत नव्हता हेच खरे वाटत नाही.

उलट बाजूने, इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात, पण वर्षाची होता होता ती क्षमता ओसरते, असे कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली दाखवून दिले. आपल्याला जे दोन ध्वनी इतके ढळढळीत वेगळे वाटतात, तेही कोणाला तरी एकच ऐकू येतात.

जमेची बाजूही सांगतो: ‘त्सुनामी’तला ‘त्सु’ अनेक परदेशी विद्यार्थ्यांना छळतो, आपण तो ‘चूल’मधल्या च सारखा म्हटला की काम होते.

फळा-खडू:

चुलीचे हे उदाहरण मीही वर्गात देतो. मुळाकाठची, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर एक उपाय सुचवतो. उत्तर जपानमधल्या आओमोरी भागातली त्सुगारु बोली ऐकून पाहा. तोक्योतल्या माणसांनाही ती कळणे अवघड जाते. पुण्याचा माणूस पहिल्यांदा अहिराणी ऐकतो तेव्हा जसे ओळखीचे वाटूनही हाती काही लागत नाही, तसेच तिथे होते.

मुळाकाठची:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री त्सुगारु बोलीतले दोन वृद्धांचे संभाषण मिळाले. पहिली तीन-चार मिनिटे नुसता आवाज ऐकू आला, आणि मी डोळे मिटून ऐकत राहिले. नंतर एक शब्द कळला, आणि त्याच्यामागोमाग आणखी एक.