मदत हवी आहे : समलिंगी माणसाला नीट दाखवणारा मराठी सिनेमा

राम राम मंडळी. अमळनेरला सिनेमा-चर्चा ठेवतोय. 'नटरंग' (२०१०) आणि 'जोगवा' (२००९) नक्की. 'नटरंग'मधला पैलवान गुणा तमाशात नाच्या (बायकी हावभावाचं पात्र) होतो आणि गाव त्याला पुरुषच मानेनासं होतं, तो भाग तर थांबवून बोलण्यासारखा. 'जोगवा'त जोगता झालेल्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या, तायप्पावर साडी लादलेली.

पण दोघांचंही प्रेम बाईवरच. पुरुषाचं पुरुषावर, बाईचं बाईवर साधं घरगुती प्रेम कुठल्या मराठी सिनेमात आहे? विनोदी पात्र नको. आमच्याकडे तमाशातली मावशी लुगडं नेसून टाळ्या घेते, अन् घरातलं पोरगं जरा बायकी चाललं की मार खातं! फार लागतं हे मनाला. २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, घरं तशीच.

समोर आयाबायाही बसतील. नाव अन् कुठे पाहायला मिळेल, दोन्ही सांगा.