मदत हवी आहे: उताणा पडलेला किडा सुलटा कसा होतो?

मंडळी, आमचं घर गुहागरला, माडांच्या बागेत. पावसाळ्यात पडवीतल्या दिव्यावर गेंडा भुंगे आपटतात नि उताणे पडतात. गुळगुळीत लादीवर नुसते पाय झाडत गोल फिरतात. अंगणातल्या मातीत मात्र नख्या रुतवून सुलटे होतात. (माडाचा कोंब पोखरणाऱ्याची एवढी कणव कशाला, असं आई म्हणते!)

त्याच दिव्याखाली एक लांबट तपकिरी किडा 'टक्' आवाज करत, पाय न वापरता वर उडतो. छातीखालचा काटा खाचेत सटकन बसतो नि अंग उसळतं, एवढं ठाऊक आहे. पण बरेचदा परत पाठीवरच पडतो! हवेत त्याला दिशा धरता येते, की सगळा नशिबाचा खेळ? मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपायचंय, उजेड कुठून द्यावा?