अनुभव धागा : बी.एस्सी.ला गणित आणि फिजिक्स दोन्ही पुढपर्यंत न्यायचे, तर सेमिस्टरची आखणी कशी करावी? (नाशिक)

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न नाशिकच्या कॉलेजांत गणित आणि फिजिक्स दोन्ही तितक्याच जोमाने करू पाहणाऱ्यांसाठी हा धागा. ज्यांनी हे केलंय किंवा शिकवलंय, त्यांनी नेमकं लिहा: कशाआधी काय, कुठे अडतं, का अडतं. कॉलेजची नावं घेऊन तक्रारी नकोत.

क्रेडिटवाला
आधी हिशेब. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात दुहेरी मेजरसाठी, म्हणजे दोन मुख्य विषयांच्या पदवीसाठी, दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के क्रेडिट लागतात. १२० च्या पदवीत ४८. आपल्याकडे सेमिस्टरला २२ धरून तीन वर्षांचे १३२ होत असतील, तर ५३. नुसत्या मायनरने (दुय्यम विषयाने) हा आकडा गाठत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाला मेजर-मायनर ठरवण्याआधी ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखांतून निवडायचे पेपर) आणि स्वयंचे (सरकारी ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) क्रेडिट कुठे धरले जातील ते विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘होईल बघू’वर थांबू नका, गुणपत्रिकेवर ते दिसत नाही. स्वयंवरचा एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा असतो. जुलै आणि जानेवारीत सुरू होतो, त्यामुळे नोंदणी आपल्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच उरकावी लागते.

इंटिग्रल
माझं म्हणणं एकच: गणित फिजिक्सच्या एक सेमिस्टर पुढे पळालं पाहिजे. वेळापत्रक नेमकं उलटं असतं. पहिल्याच सेमिस्टरला साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल येतं, g = 4π²l/T². त्रुटी काढताना Δg/g = Δl/l + 2ΔT/T लिहायला सांगतात, पण ते ‘२’ कुठून आलं हे आंशिक अवकलन (किंवा लॉग घेऊन अवकलन) आल्याशिवाय कळत नाही. मुलं सूत्र पाठ करतात आणि व्हायवाला अडकतात.

साखळी अशी लावा. बहुचल कॅल्क्युलस, मग सदिश कॅल्क्युलस (गाउस आणि स्टोक्सची प्रमेये), मग विद्युतचुंबकत्व. मॅक्सवेलच्या समीकरणांवरून तरंग समीकरण काढताना कर्लचा कर्ल घ्यावा लागतो. तिथे सराव नसेल तर पूर्ण प्रकरण धूसर राहतं. रेषीय बीजगणित क्वांटमच्या आधी, आणि तेही आयगेनव्हॅल्यू, हर्मिशियन मॅट्रिक्सपर्यंत, नुसतं निर्धारकापुरतं नाही. विकलक समीकरणं यांत्रिकी आणि दोलनांच्या आधी. गट सिद्धांत थोडा मागे राहिला तरी पदवीपर्यंत फिजिक्स अडत नाही.

वास्तव विश्लेषण आणि विद्युतचुंबकत्व शक्यतो एकाच सेमिस्टरला नकोत. एकात सिद्धता लिहायच्या, दुसऱ्यात लांबलचक गणितं. दोन्हीला रोज बसावं लागतं.

सिन्नर अपडाउन
तासांचं बोला. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरा: २२ पैकी ६ क्रेडिट प्रॅक्टिकलचे असतील तर आठवड्याला १६ + १२ = २८ तास कॉलेजातच. वर ४ क्रेडिटचा गणिताचा पेपर घेतला की ३२. सिन्नर, निफाड, दिंडोरीहून येणाऱ्यांनी प्रवास वेगळा धरावा. फिजिक्सची बॅच आणि गणिताचं प्रॅक्टिकल एकाच दुपारी पडणं हा ठरलेला घोळ. बॅचची यादी लागते त्याच आठवड्यात बदली मागा, नंतर कुणी हात लावत नाही. जर्नल प्रयोगाच्याच दिवशी पूर्ण करून सही घ्या. सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसताना अडचण येते.

प्रश्न_विचारणारी
दोन स्वतंत्र पदव्या घेतल्या तर?

क्रेडिटवाला
यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गाच्या असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक नियमित, दुसरी दूरस्थ हेही चालतं. पण प्रॅक्टिकलवाला विषय, म्हणजे फिजिक्स, नियमितच ठेवा.

जॅम-तयारी
जॅमच्या (आयआयटी वगैरेंतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) अंगाने. परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे सहाव्या सेमिस्टरच्या तोंडावर. अलीकडच्या वर्षांत गणित सकाळी आणि फिजिक्स दुपारी, प्रत्येकी ३ तास, त्यामुळे दोन्ही देता येतात. याचा अर्थ वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित आणि प्राथमिक क्वांटम पाचव्या सेमिस्टरपर्यंत संपलेलं हवं. सहाव्यात ठेवलेला पेपर जॅमला उपयोगी पडत नाही. संमिश्र विश्लेषण गणिताच्या पेपरला लागत नाही, ते सहाव्याला ढकललं तरी हरकत नाही. दोन्हींचा सामाईक भाग (बहुचल कॅल्क्युलस, विकलक समीकरणं, मॅट्रिक्स) एकाच वहीत ठेवा आणि दोन्ही पेपरांतले जुने प्रश्न त्याच वहीत शेजारी शेजारी सोडवा.