‘रिग्रेटेबली’ला मराठीत काय लिहायचं?

प्रश्न
मी एका छोट्या वाचनालयात आहे. इंग्रजी पत्रं मराठीत करायचं काम माझ्याकडेच येतं. कालच्या मसुद्यात वाक्य होतं : ‘रिग्रेटेबली, द बुक्स गॉट वेट.’ मी लिहिलं, ‘खेदाने पुस्तके भिजली.’ वाचून पाहिलं आणि अडखळले. खेद काय पुस्तकांना झाला? ‘दुर्दैवाने’ लिहायला हात धजत नाही. छत गळतंय हे आम्हाला जूनपासून ठाऊक होतं. ज्या बाईंनी आपल्या वडिलांची पुस्तकं दिली, त्यांनाच हे पत्र जायचंय. पहिल्या पानावरची वडिलांची निळ्या शाईतली सही पार फुटलीय. शब्द नेमका हवा.

उत्तर १
ताई, ‘दुर्दैवाने’च लिहा. बातम्यांत, नोटिशीत सगळीकडे तेच असतं, कोणी अडत नाही.

उत्तर २
ताई, तुमची शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, मुलं इथेच चुकायची. ‘रिग्रेटफुली’ म्हणजे खेदपूर्वक. तिथे खेद करणारं माणूस लागतं : ‘तिने खेदाने नकार दिला.’ ‘रिग्रेटेबली’ म्हणजे जे घडलं ते खेद करण्याजोगं आहे. तो बोलणाऱ्याचा अभिप्राय असतो आणि पूर्ण वाक्याला लागतो, म्हणून तर पुढे स्वल्पविराम. ‘खेदाने’मधला ‘-ने’ क्रियेला जाऊन चिकटतो, त्यामुळे ‘खेदाने पुस्तके भिजली’ विचित्र वाटतं. ‘खेदाची गोष्ट अशी की’ म्हटलं की वाक्य सुटतं.

‘दुर्दैवाने’ हे ‘अनफॉर्च्युनेटली’चं भावंड. दोन्हींत नशीब आहे. अवकाळी पावसाने द्राक्षं गेली तर शेतकऱ्याने तो शब्द खुशाल वापरावा. छताचं माहीत असताना आपण वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ती
सर, खूप आभार. ‘खेदाची गोष्ट अशी की’ लिहून पाहिलं. व्याकरणात बसलं, पण खेद नक्की कोणाला ते त्यातही येईना. शेवटी असं लिहिलं : ‘छताची दुरुस्ती आमच्याकडून राहून गेली आणि आपण दिलेली अठरा पुस्तके भिजली. याचा आम्हाला फार खेद वाटतो.’ सहीचं पान टिपकागदात ठेवलंय, तेही खाली लिहिलं. पत्र आज टपालात टाकते.