एप्रिलअखेर सांदाकफू: फुलं, पक्षी आणि गाइड. बेत तपासून हवा आहे

कारवी_७

२२ ते २९ एप्रिल, पाच जण. त्यातल्या एक बाई ६१ वर्षांच्या, दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या. कांचनजंगा दिसली तर आनंदच, पण जायचंय ते दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातल्या ऱ्होडोडेंड्रॉनसाठी आणि पक्ष्यांसाठी. मिळालेलं पॅकेज असं: मानेभंज्यांगहून जीपने त्याच दिवशी थेट सांदाकफू, तिथे दोन मुक्काम, मग चालत श्रीखोला. तीन शंका आहेत. तारखा उशिराच्या आहेत का? गाइड इथूनच न्यावा की तिकडचा घ्यावा? आणि रेड पांडा दिसायची शक्यता कितपत?

उंबरठाण

तारखा उशिराच्या नाहीत. प्रश्न एवढाच की कोणत्या उंचीवर कोणतं फूल बघायचंय. इथला बहर खालून वर सरकत जातो. लाल गुरांस (गुरांस म्हणजे नेपाळीत ऱ्होडोडेंड्रॉन; ही त्याची आर्बोरियम जात) आणि पानं फुटायच्या आधीच फुलणारा पांढरा मॅग्नोलिया हे वाटेवरच्या खालच्या, चित्रे-मेघमाच्या पट्ट्यातलं मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचं प्रकरण. तुम्ही पोचाल तेव्हा मॅग्नोलियाच्या पाकळ्या बहुतेक वाटेवर पडलेल्या असतील. पण ३००० मीटरच्या आसपास आणि त्याच्या वर तेव्हाच रंगत येते.

गुरांसाच्या जाती ओळखायला फुलापेक्षा पान बघा. आर्बोरियमचं पान अरुंद, खालून चंदेरी. बार्बाटमच्या देठावर ताठ, राठ केस असतात, खोड गुळगुळीत तांबूस आणि साल कागदासारखी सुटते. फाल्कोनेरीचं पान वीतभर किंवा त्याहून लांब, वरून सुरकुतलेलं, खालून गंजाच्या रंगाची मखमल. त्याचे फिकट पिवळे गेंद एप्रिलअखेर ते मे. कँपान्युलाटम, म्हणजे जांभळट घंटा, सांदाकफूच्या जवळ आणि खरी मेमध्ये. तेव्हा तिथे नुसत्या कळ्या दिसल्या तर हिरमुसू नका.

कालीपोखरीच्या पुढे बिखेभंज्यांग लागतं. भंज्यांग म्हणजे आपली खिंड आणि बिख म्हणजे बचनाग. मुळासकट विषारी वनस्पती, म्हणून तिथली कोणतीही झुडपं उपटून हुंगू नका. गुरांसाची फुलंही चघळायची नाहीत. काही जातींच्या मधानेसुद्धा विषबाधा होते.

धारेवरचा

पॅकेजमधली जीप आधी रद्द करा. मानेभंज्यांग साधारण २१०० मीटर, सांदाकफू ३६३६. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च माथ्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर, तेही शरीराला सवय नसताना, पहिलीच झोप. रात्री डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं हे वयामुळे होत नाही, घाईमुळे होतं. पंचविशीतला धावपटूही यातून सुटत नाही. सिंहगडाच्या सरावाने पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही.

त्याऐवजी असं करा:
- पहिली रात्र मानेभंज्यांग.
- दुसरी तुमलिंग, चित्रे आणि मेघमावरून.
- तिसरी आणि चौथी कालीपोखरी किंवा कैयाकट्टा. वाटेत गैरीबासला बरंच खाली उतरून पुन्हा चढायचं आहे, तिथेच दम निघतो.
- पाचवी सांदाकफू. कालीपोखरीपासून अंतर जेमतेम ६ किलोमीटर, पण बिखेभंज्यांगनंतरची चढण सलग आहे.
- सहावी गुरदुमवरून उतरून श्रीखोला.

शेवटच्या दिवशी उतार दीड हजार मीटरहून जास्त. गुडघे आणि अंगठ्याची नखं तिथेच जातात. नखं आदल्या आठवड्यात कापा, उतरताना बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, काठ्या थोड्या लांब करा. त्या बाईंना उतार नको असेल तर त्यांनी सांदाकफूहून जीपने परतावं. जीप वाईट नाही, चढताना वाईट आहे.

आणि घड्याळ! तिथे एप्रिलअखेर पाचच्या आसपास उजाडतं आणि सहानंतर लगेच अंधारतं. पुण्याच्या सवयीने आठला निघालात तर डोंगर दिसायची वेळ संपत आलेली असते. दहा-अकरापासून ढग चढतात, दुपारी गारा आणि विजा. साडेपाचला चालायला लागा, दीडपर्यंत मुक्कामी पोचा. कडकडाट सुरू झाला तर उघड्या धारेवर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका.

मालिंगो

गाइडबद्दल. उद्यानात चालत जायचं तर स्थानिक नोंदणीकृत गाइड घ्यावाच लागतो, मानेभंज्यांगलाच मिळतो. इथून नेलेला 'ट्रेक लीडर' त्याच्या जागी चालत नाही. मात्र ऐनवेळी जो रिकामा असेल तो मिळतो आणि तो रस्ता दाखवणारा असेल, पक्षी ओळखणारा असेलच असं नाही. महिनाभर आधी कळवून पक्ष्यांचा जाणकार मागा. फोनवर दोन प्रश्न विचारा: सॅटर ट्रॅगोपॅन (रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी) सध्या कुठल्या टप्प्यावर बोलतोय? आणि जीपचा रस्ता सोडून कोणत्या पायवाटा घेणार? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. सांदाकफूपर्यंतचा बराच रस्ता आता काँक्रीटचा आहे. त्यावरून चाललात तर टाचाही दुखतील आणि जुन्या लँड रोव्हरच्या आवाजात पक्षीही ऐकू येणार नाहीत. हिशेब दिवसावर असतो आणि त्यात गाइडचा परतीचा दिवसही धरतात. हे आधी बोलून घेतलं नाही की श्रीखोल्याला वाद होतो.

ट्रॅगोपॅन पहाटे ओरडतो, लहान मूल रडावं तसा वर चढत जाणारा लांब सूर. हा विणीचा काळ आहे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणारा गाइड असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा.

रेड पांडा: गैरीबास ते कैयाकट्टा, जिथे मालिंगो बांबू दाट आणि फांद्यांवर शेवाळाची जाड गादी आहे तिथे. सकाळी थंडीत तो उन्हाच्या फांदीवर येऊन पडतो, पण तांबूस शेवाळात मिसळून जातो. गाइड आधी फांद्यांवरचे लेंड्यांचे ढीग शोधतो, हिरवट आणि बांबूच्या पानांचे तुकडे असलेले. एकाच जागी दोन रात्री राहिलात तर दोन सकाळी मिळतात, म्हणून वरचा बेत योग्य. तरीही खात्री कोणी देत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

कारवी_७

जीप रद्द. कागदपत्रं आणि सामानात काय विसरलं जातं?

धारेवरचा

वाट नेपाळच्या हद्दीतून आत-बाहेर करते, तुमलिंग आणि कालीपोखरी पलीकडेच. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ प्रत न्या, गैरीबासला एसएसबीचे (सशस्त्र सीमा बलाचे) जवान बघतात. रोख पैसे सिलीगुडीतच काढा. लोक विसरतात ते जलरोधक हातमोजे. गारांत लोकरीचे भिजले की काठी धरवत नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगा.

मालिंगो

सांदाकफूला पाणी लांबून आणतात. आंघोळीच्या बादल्या आणि शेकोटी मागू नका. शेकोटीत बऱ्याचदा गुरांसाचंच लाकूड जातं.