गावठाणातली धाब्याची घरे: डागडुजीला गढीची पांढरी माती चालेल का?

गावठाण_सिन्नर
सिन्नर तालुक्यात जुन्या गावठाणात कच्च्या विटांची चौदा-पंधरा धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे सलग उभी आहेत. बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. जोत्यापासून दोन फुटांपर्यंत पोपडे निघतात, आतली माती भुसभुशीत झाली आहे. गावाशेजारच्या गढीची (जुन्या वस्तीच्या टेकाडाची) पांढरी माती आणायचे घाटते आहे. मृगाआधी काय उरकावे?

चुना_माती
आधी सिमेंट काढा. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढतेच. बाहेरची बाजू सिमेंटने बंद केली की ती आणखी वर जाते, जिथे वाळते तिथे खार साचतो आणि विटेची पकड सुटते. बोटाने ठोकत जा, पोकळ वाजेल तिथून सुरुवात करा. छिन्नी-हातोडीच वापरा, मशीन लावू नका. तीन-तीन फुटांचे टप्पे, एकाआड एक. वर तुळई टेकलेली असेल तर आधी टेकू द्या, मगच हात लावा.

भुसभुशीत विटा काढून, झाडून, पंधरा दिवस भिंत सुकू द्या. मग पक्क्या वाळलेल्या कच्च्या विटा गाऱ्यात बसवा. त्या खाचेत काँक्रीट भरले तर ओल त्याच्या मागून वर सरकते आणि वर्षा-दोन वर्षांत वरचा थर ढासळतो.

गिलाव्याची माती बाटलीत तपासा: तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून दिवसभर ठेवा. सगळ्यात वरचा चिकणमातीचा थर एकूण मातीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढा हवा. नुसती काळी माती नको, ती वाळताना तडकते. तीन घमेली मातीला एक घमेले बारीक गव्हाचा भुसा, आठवडाभर भिजत, रोज तुडवून. पहिला हात पाऊण इंच, वाळल्यावर दुसरा पाव इंच. आधी हातभर चौकोनावर लावून बघा. तडा गेला तर वाळू वाढवा, तळहाताला पूड लागली तर चिकणमाती.

पांढरीचे_टेकाड
गढीला कुदळ लावू नका, कळकळीने सांगतो. ती माती पांढरी का? शेकडो वर्षांच्या पडक्या भिंती, चुलीची राख, हाडे, शेण हे सगळे त्यात मुरलेले असते. नाशकात गोदाकाठच्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन केले, तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांच्या) वस्तीचे थर लागले, संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडली तशी खापरे त्यातलीच. एक ट्रॉली माती उचलली की असे थर कायमचे गेले. शिवाय त्या मातीत क्षारही असतात, म्हणजे ज्या खाराने भिंत खाल्ली तोच पुन्हा भरायचा. पडलेल्या भिंतींचा ढिगारा चाळून वापरा, फक्त खार धरलेला खालचा भाग बाजूला टाका. गढीतून नाणी किंवा मौल्यवान वस्तू निघाली तर 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

वळचण
गल्लीची पातळी बघितली का? काँक्रीटवर काँक्रीट चढून रस्ता जोत्याच्या वर गेला असेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात. भिंतीलगत फूटभर पट्टी फोडून मुरूम भरा, उतार बाहेर काढा.

धाब्यावर दरसाल नवी माती टाकू नका, जुनी खरवडून मगच टाका. घनफूटभर माती 45 ते 50 किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर सहा इंच थर वाढला तर सव्वादोन ते अडीच टन ओझे किलचनावर, म्हणजे मातीखालच्या लाकडी पट्ट्यांवर, येते. पन्हाळ भिंतीपासून हातभर तरी पुढे हवी. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे दाभण टोचून बघा, सहज आत गेले तर वाळवी लागली आहे किंवा लाकूड कुजले आहे.